मारणं, छळणं आणि खाणं: सीमाभागातला एक जुना गुंता

जुलै २०२५मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण गुजरातला वनतारा या प्राणी सांभाळणाऱ्या केंद्रात नेली. त्या दिवशी शिरोळ तालुका जेवढा हळहळला, तेवढीच इकडे कर्नाटकात चिकोडी, निपाणी, कागवाडकडची गावंही हळहळली. मठाचे श्रावक सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत, त्यामुळे हे दुःख राज्य बघून आलं नाही. तक्रार होती की हत्तिणीचे पाय बिघडलेत, तिला सिमेंटच्या जमिनीवर साखळीने बांधतात, वर्षानुवर्षं ती एकटी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलैला तिला हलवण्याच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. भक्तांचं उत्तर एकच होतं: ती आमच्या घरचं माणूस आहे.

त्याच पंधरवड्यात आषाढी अमावास्या, म्हणजे गटारी, होऊन गेली. बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत किती बकरी पाडली गेली याची मोजदाद नाही. त्याबद्दल कोणी कोर्टात गेलं नाही, आणि गेलं असतं तरी काही हाती लागलं नसतं. म्हणजे किडामुंगी पोटात जाऊ नये म्हणून सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या समाजाच्या मठावर प्राण्याचे हाल केल्याचा ठपका, आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत उभा राहणारा मात्र निर्दोष. हे अनेकांना उफराटं वाटलं. ते उफराटं नाही, पण का नाही हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

## कायद्यातले दोन वेगळे प्रश्न

आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धचा मुख्य कायदा १९६०चा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं, त्यातून हा विषय संसदेत रेटला गेला. पुढे १९६२मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं तेव्हा पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. या कायद्याचं अकरावं कलम क्रूरता म्हणजे काय ते सांगतं. मारहाण करणं, ताकदीबाहेर ओझं लादणं, आजारी किंवा जखमी जनावर कामाला जुंपणं, हालता येणार नाही अशा जागेत कोंडणं, आखूड किंवा जड साखळीने सतत बांधून ठेवणं, त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणं, उपाशी-तहानलेलं ठेवणं. यादी बरीच लांब आहे.

या यादीत एक गोष्ट नाही: खाण्यासाठी मारणं. उलट त्याच कलमात पुढे स्पष्ट सूट दिली आहे की अन्नासाठी प्राणी मारणं हा गुन्हा नाही, मात्र मारताना विनाकारण वेदना देता कामा नये. जनावराला वेसण घालणं आणि खच्ची करणंही ठरवून दिलेल्या पद्धतीने केलं तर चालतं. अठ्ठाविसावं कलम तर धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारणं या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवतं.

गाडी चालवायचं लायसन आणि बेदरकार गाडी चालवणं या दोन गोष्टी आपण कधी एक करत नाही. लायसन खिशात असलेला माणूसही बेदरकार चालवल्याबद्दल आत जाऊ शकतो, आणि लायसन नसलेला माणूस अगदी सांभाळून चालवत असू शकतो. प्राण्यांच्या बाबतीतही हे दोन प्रश्न सुटे आहेत. अमुक जनावर मारायची परवानगी आहे का, हा एक. ते जगताना आणि मरताना त्याचे हाल झाले का, हा दुसरा. नांदणीच्या प्रकरणात पहिला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. गटारीच्या बकऱ्याबाबत दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. आपली सगळी भांडणं पहिल्यावरून होतात आणि जनावराला भोगावं लागतं ते दुसऱ्यातलं, असं माझं मत आहे. बाकीचा लेख त्याच धाग्याने जातो.

## कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे

पहिला प्रश्न किती मानवनिर्मित आहे हे बघायला बेळगावसारखी जागा नाही. इथून तासाभराच्या, फार तर दोन तासांच्या अंतरावर तीन राज्यांचे तीन कायदे सुरू होतात.

घटनेच्या ४८व्या कलमात गाई, वासरं आणि इतर दुभत्या व ओढकाम करणाऱ्या गुरांची कत्तल थांबवण्याचं मार्गदर्शक तत्त्व आहे. पण पशुधन जपणं हा विषय राज्यांच्या यादीत आहे, म्हणून प्रत्येक राज्याने आपापला कायदा केला. कर्नाटकाचा जुना कायदा १९६४चा. त्यात बारा वर्षांवरचा किंवा निकामी झालेला बैल दाखला घेऊन कापता येत असे. महाराष्ट्रातही १९७६च्या कायद्याखाली बैलाला दाखला मिळायचा. १९९५मध्ये तिथे विधेयक मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची मोहोर उमटायला २०१५चा मार्च उजाडला. तेव्हापासून गाईबरोबर वळू आणि बैलही बंद. त्यामुळे पुढची पाच-सहा वर्षं गंमतच होती. कागलमधला म्हातारा बैल कापणं गुन्हा, आणि कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत आलेला तसाच बैल दाखल्यावर चालायचा.

मग कर्नाटकाने २०२०चा नवा कायदा आणला आणि तो महाराष्ट्राच्याही पुढे गेला. गाय, वासरू, वळू, बैल कुठल्याही वयाचे बंद. शिवाय तेरा वर्षांखालची म्हैस आणि रेडाही बंद. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. आता पारडं फिरलं. सहा वर्षांची भाकड म्हैस कागलमध्ये दाखल्यावर विकता-कापता येते, निपाणीत येत नाही. आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की बैलालाही दाखला मिळू शकतो, कारण तिथल्या १९९५च्या कायद्यात तशी तरतूद आहे. गोव्याला गोमांस मोठ्या प्रमाणात आपल्याच बाजूने जात असे. डिसेंबर २०२०नंतर तिथल्या नाताळाच्या बाजारात तुटवडा झाला, हे त्या वेळच्या बातम्यांत सगळ्यांनी वाचलं असेल.

जनावराच्या अंगात या तीन राज्यांत काहीच बदलत नाही. तीच हाडं, तेच डोळे, तीच भीती. बदलतो तो माणसांनी केलेला करार. असा करार करायचा हक्क समाजाला आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला दयेचा कायदा म्हणू नये. तसा तो असता, तर दोन शिक्षांमध्ये एवढी दरी नसती. बैल कापला तर तीन ते सात वर्षं. तोच बैल जिवंत ठेवून, खिळ्याची पराणी टोचटोचून, उसाच्या दीडपट भरलेल्या गाडीला जुंपला तर १९६०च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. हा आकडा साठच्या दशकातला आहे आणि अजून तोच आहे. पन्नास रुपयांत बेळगावात आज धड एक नाश्ता होत नाही.

## कोणतं खायचं हे ठरतं कसं?

मानवशास्त्रज्ञांनी यावर बरंच लिहिलंय. एक ढोबळ उत्तर असं की जनावर माणसाच्या किती जवळ आहे त्यावर ते ठरतं. घरात, पायाशी झोपणारं खायचं नाही. अगदी रानातलं, अनोळखी, तेही सहसा नाही. मधलं, गोठ्यातलं आणि खुराड्यातलं, ते खायचं. दुसरं उत्तर उपयोगाचं: जिथे शेती बैलाच्या खांद्यावर चालते तिथे दुष्काळात गाय खाणं म्हणजे पुढच्या वर्षीचा नांगर चुलीत घालणं. दोन्हींत तथ्य आहे, दोन्ही अपुरी आहेत. अथणी-चिकोडी पट्ट्यात आज बहुतेक नांगरट ट्रॅक्टरने होते, तरी गाईबद्दलची भावना कमी झालेली नाही; राजकारणात तर ती वाढलीच आहे.

आपल्याकडे एक तिसरी गोष्ट आहे आणि ती मानवशास्त्रज्ञांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे: जात. कोणी काय खायचं हे इथे आवडीवर सोडलेलं नव्हतं. मेलेलं जनावर ओढून नेणं एका जातीच्या माथी मारलं, त्याचं मांस खाणं हा त्यांचा नाइलाज केला आणि मग त्याच खाण्यावरून त्यांना विटाळ ठरवलं. मार्च १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं आवाहन केलं, त्यामागे हा सगळा इतिहास होता. म्हणून ‘ते लोक काय वाट्टेल ते खातात’ हे वाक्य ऐकलं की ते प्राण्यांच्या दयेपोटी आलंय की आणखी कशातून, हे तपासून पाहावं.

आणि आपण सगळे शाकाहारी आहोत हा तर निव्वळ समज. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या सुमारे ८३ टक्के पुरुषांनी आणि ७१ टक्के स्त्रियांनी अधूनमधून का होईना मांसाहार करत असल्याचं सांगितलं. सीमाभागातलं खाणं तर सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण आणि माळ यांच्या तालावर चालतं. एकाच घरात माळकरी आजोबा, मिरगाला कोंबडी मागणारा मुलगा आणि ‘माझं भांडं वेगळं ठेवा’ म्हणणारी सून सुखाने नांदतात. शेजारी लिंगायताचं घर, पलीकडे जैनांचं, गल्लीच्या टोकाला ख्रिस्ती आणि मुसलमान. ज्याच्या पानात जे नाही ते त्याला किळसवाणं वाटतं, आणि ही किळस खरीच असते. फक्त ती पुरावा नसते.

## ‘पण कुत्रं खाणं म्हणजे कळसच की!’

हा आक्षेप हमखास येतो. नागालँड सरकारने जुलै २०२०मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली. व्यापारी कोर्टात गेले आणि जून २०२३मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने ती बंदी रद्द केली. अशी बंदी घालायला कायद्याचा आधार दाखवता आला नाही, आणि तिथल्या जमातींमध्ये हे खाणं रूढ आहे, याची न्यायालयाने दखल घेतली. उलट दक्षिण कोरियात हे मांस पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जात होतं. तिथल्या संसदेने जानेवारी २०२४मध्ये कायदा करून हा धंदाच संपवायचं ठरवलं, शिक्षा २०२७पासून लागू होणार. तिथे घराघरांत कुत्री पाळणारी पिढी आली आणि कुत्रं गोठ्यातून घरात सरकलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. फ्रान्समध्ये घोड्याचं मांस दुकानात मिळतं, आणि खाडीपलीकडच्या ब्रिटनमध्ये २०१३ साली गोमांस म्हणून विकलेल्या पदार्थांत घोडा निघाला तेव्हा देशभर गहजब झाला.

लांब कशाला जा. पावसाळ्यात गोव्यात बेडकाच्या तंगड्या चोरून विकल्या जातात, ‘जंपिंग चिकन’ या नावाने. भारतातून त्यांची निर्यात होत असे, ती १९८७मध्ये बंद झाली. आपल्या खानापूर-चंदगडच्या रानात घोरपड आणि रानडुकराची चव माहीत असलेले लोक आहेत, ते मोठ्याने बोलत नाहीत एवढंच. कारण १९७२चा वन्यजीव कायदा. घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारली तर शिक्षा तीन ते सात वर्षं. मात्र हा कायदा वेदनेचा विचार करत नाही, प्राण्याची प्रजाती टिकते की नाही याचा करतो. म्हणजे हा तिसराच प्रश्न झाला.

कुत्रं आणि डुक्कर यांच्यात वेदनेच्या बाबतीत फरक दाखवता येत नाही. डुक्कर शिकण्यात आणि ओळख ठेवण्यात कुत्र्याच्या तोडीचं आहे, असं प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे सांगतात. नागा माणसाने कुत्रं खाल्लं म्हणून तो क्रूर, आणि आपण बकरं खाल्लं म्हणून आपण दयाळू, हे गणित जमत नाही. पोत्यात तोंड बांधून दोन दिवस उन्हात ठेवलेलं कुत्रं ही मात्र क्रूरताच आहे. ती कोहिम्यात असली काय आणि बेळगावात असली काय.

## जनावराला कळतं हे कशावरून?

इथे एक शब्द लागेल: संवेदनक्षमता. सुखदुःख जाणवण्याची क्षमता, एवढाच त्याचा अर्थ. हात भाजल्यावर आपण तो मागे घेतो ती नुसती प्रतिक्रिया. ‘आई गं’ वाटतं ती संवेदना. प्रश्न असा की जनावरात पहिलंच असतं की दुसरंही?

जुलै २०१२मध्ये केंब्रिजमध्ये जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला की जाणीव निर्माण करणारी मेंदूतली यंत्रणा फक्त माणसाकडे नाही. सगळे सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे काही जीवही त्यात येतात. गाई-म्हशींबद्दल कोणा शेतकऱ्याला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण खेकड्याचं काय? मिरगाच्या पावसात खानापूरकडे ओढ्यांना खेकडे निघाले की पोरं पोती घेऊन धावतात. नांग्या जिवंतपणी मोडायच्या आणि उकळत्या पाण्यात टाकायचे, यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

बेलफास्टमधल्या संशोधकांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना सौम्य विजेचे धक्के देऊन पाहिले. नुसती प्रतिक्रिया असती तर धक्का बसला की सगळे सारखेच बाहेर पडले असते. तसं झालं नाही. मनाजोगता शंख मिळालेले खेकडे धक्का सोसून आतच थांबायचे, नावडत्या शंखातले लवकर बाहेर पडायचे. म्हणजे आत काहीतरी तोललं जात होतं: दुखतंय, पण घर चांगलं आहे. स्वित्झर्लंडने २०१८मध्ये लॉब्स्टर बधिर न करता जिवंत उकळायला बंदी केली. ब्रिटनच्या २०२२च्या कायद्याने खेकडे आणि ऑक्टोपस संवेदनक्षम प्राण्यांत धरले. खेकडे सोडा असं मी म्हणत नाही. मलाही त्या कालवणाचा मोह आहे. पण ते आधी बर्फात गारठवून मग झटकन मारणं हे नांग्या मोडण्यापेक्षा नक्कीच वेगळं आहे.

## ‘जीव घ्यायचाच, मग हाल कमी काय आणि जास्त काय?’

खूप फरक पडतो, आणि तो मोजता येतो. २००१च्या कत्तलखाना नियमांत गाभण जनावर, तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेली आई आणि तीन महिन्यांखालचं पिल्लू कापायला मनाई आहे. डॉक्टरने तपासल्याशिवाय कापायचं नाही, आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. आता आपल्या कुठल्याही बाजारातली मटणाची लाइन डोळ्यांसमोर आणा. शेवटचा नियम किती ठिकाणी पाळलेला दिसतो?

गळा कापल्यावर शुद्ध हरपायला किती वेळ लागतो हे जनावरागणिक बदलतं. शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा जवळजवळ सगळा गळ्यातल्या शिरांवर असतो, त्यामुळे धारदार सुरीने नीट कापलं तर काही सेकंदांत शुद्ध जाते. गुरांना मानेच्या कण्यातून जाणारी आणखी एक वाट असते, म्हणून तिथे हे लांबू शकतं, कधी मिनिटापर्यंतही. यावर उपाय म्हणून अनेक देशांत आधी जनावराला विजेने किंवा कपाळावर आघात करून बेशुद्ध करतात.

हलाल की झटका, हा वाद मग येतोच. गंमत म्हणजे आपल्या भागातल्या कित्येक गावांत हिंदूंच्या जत्रेचं बकरंही मुलाणीच कापायचा, तो बलुतेदारीचा भाग होता आणि कोणाच्या श्रद्धेला बाध येत नव्हता. न्यूझीलंड जगभर हलाल मांस पाठवतं आणि तिथे जनावराला आधी विजेने तात्पुरतं बेशुद्ध करतात. अनेक मुस्लिम धर्मसंस्थांना ते मान्य आहे, काहींना नाही. झटक्यात मान एका घावात तुटली तर वेदना अल्पकाळ, पण घाव चुकला तर भयानक. बोथट सुरी, नवशिका हात आणि घाबरवलेलं जनावर असेल तर दोन्ही पद्धती सारख्याच वाईट.

यात खाणाऱ्याचाही स्वार्थ आहे. कापण्याआधी धावाधाव झालेल्या, भेदरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते. मग मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. ते काळपट, कोरडं राहतं आणि लवकर खराब होतं. जुने खाटीक बकरं रात्रभर शांत बांधून ठेवतात, पाणी दाखवतात, ते उगाच नाही.

## ‘आम्ही खातच नाही, आमचा काय संबंध?’

हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो म्हणणारी माणसं मनाने खरंच मऊ असतात.

गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. वासरांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मे जन्मतात. आता २०१९च्या पशुगणनेकडे बघा: देशात गोवंश सुमारे १९.२५ कोटी, त्यात गाई १४.५१ कोटी. म्हणजे नर पाच कोटींच्याही आत, तीन गाईंमागे एक. म्हशींमध्ये तर अकरा कोटींच्या घरातल्या संख्येत नर कोटीभरही नाहीत. बाकीचे गेले कुठे? रेडकाला पुरेसं दूध पाजत नाहीत. ते काही आठवड्यांत आपोआप ‘जातं’. कोणी सुरी चालवलेली नसते, त्यामुळे कोणाच्या नावावर पाप लागत नाही. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा, कर्नाटकी बेंदराला त्याची शिंगं रंगायची. आता बैलाला काम नाही आणि विकायला बाजार नाही. शेतकऱ्याने वर्षभर वैरण कशातून घालायची, याचं उत्तर बंदी घालणाऱ्या कुठल्याही कायद्यात नीट दिलेलं नाही. मग रात्री कोणीतरी दावं सोडतं, आणि महामार्गाच्या दुभाजकावर ते जनावर प्लास्टिक चघळत बसतं. गोशाळा आहेत, काही चांगल्याही आहेत. सगळी भाकड गुरं तिथे मावणार नाहीत.

व्यवहार चोरून व्हायला लागला की वाहतूकही चोरून होते. १९७८च्या वाहतूक नियमांत एका मालगाडीत सहापेक्षा जास्त मोठी गुरं नकोत असं आहे. उघड परवान्याने जाणारी गाडी तपासता येते. ताडपत्री बांधून रात्री दोन वाजता निघालेल्या टेम्पोत किती कोंबलीत, हे नाका चुकवल्यावर कोण बघणार? पहिल्या प्रश्नावरचा कडक कायदा दुसऱ्या प्रश्नावर जनावराची अवस्था बिघडवू शकतो, तो असा.

अंड्याचंही तेच. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं ना अंडं देतात ना मांस भरतात, म्हणून जगभर ती पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२पासून हे बंद केलं. कोंबड्यांचे उघडे-बोडके तारेचे पिंजरे युरोपीय संघाने २०१२पासून बंद केले. आपल्याकडचा ब्रॉयलर साधारण चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो, पायांना ते वजन पेलत नाही. आणि मोटरसायकलच्या हँडलला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या तर रोज दिसतात. गाईवरून रस्ता अडवणारे तिथे ब्रेकही दाबत नाहीत.

## ‘ही आमची परंपरा आहे’

परंपरेचं कोर्टात काय होतं याचा उत्तम नमुना म्हणजे शर्यती. २०११मध्ये केंद्राने खेळ करायला बंदी असलेल्या प्राण्यांत बैल टाकला. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूसह बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने आपापल्या दुरुस्त्या केल्या, आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने त्या तिन्ही वैध ठरवल्या. पण शर्यत चालेल याचा अर्थ छळ चालेल असा झाला नाही. महाराष्ट्रात चाबूक, पराणी, विजेचा धक्का यांना मनाई आहे; मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. परंपरा ठेवा, हाल काढा, असा हा तोडगा. मैदानावर तो किती पाळला जातो हे शर्यतीला जाणाऱ्यांनी स्वतः बघावं.

देवीच्या यात्रांची गोष्ट वेगळी. बेळगाव तालुक्यातली लक्ष्मी यात्रा म्हणजे वार पाळणूक, रंगवलेली घरं, गावोगावचे पै-पाहुणे आणि मटणाच्या पंगती. कर्नाटकाचा १९५९चा कायदा देवळाच्या आवारात आणि मिरवणुकीत पशुबळी द्यायला मनाई करतो. केंद्राचं अठ्ठाविसावं कलम धार्मिक पद्धतीला सूट देतं, तरी राज्याचा हा कायदा आहेच. मग बकरं देवीसमोर पडत नाही, परड्यात पडतं. बकऱ्याला दोन्ही सारखंच. १९५९चा कायदा बकऱ्यासाठी होता की समाजसुधारणेसाठी, यावर वाद घालता येईल. मला तो दुसऱ्यासाठी वाटतो. देवीसमोर तापलेल्या गर्दीत, हलगीच्या कडकडाटात भेदरलेलं जनावर नसणं हा त्यातला जनावराच्या पदरी पडलेला फायदा.

‘मग सगळंच ज्याच्या त्याच्या संस्कृतीवर सोडायचं का?’ असं कोणी विचारेल. कुठलं मांस पानात असावं, हे बऱ्याच अंशी हो. जनावर किती वेळ तडफडलं, हे नाही. त्याच्या नसा हिंदू, मुसलमान, नागा किंवा जैन नसतात. नांदणीची हत्तीण प्रेमाने सांभाळली गेली हे खरं असू शकतं, आणि तिचे पाय बिघडले हेही. प्रेम करणाऱ्याकडूनही हाल होतात. कळपात राहणाऱ्या प्राण्याला एकटं ठेवणं हे त्यातलंच.

## रस्त्यात कोंबलेला टेम्पो दिसला तर?

स्वतः गाडी अडवू नका. अडवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार पोलिसांना आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. कर्नाटकाच्या २०२०च्या कायद्यात सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण आहे, त्याचा अर्थ चालकाला मारहाण करायची मुभा असा नाही. तो वेगळा गुन्हा होतो. ११२ला फोन करा. गाडीचा नंबर, वेळ, कुठल्या दिशेने चालली ते सांगा. जमलं तर लांबून फोटो घ्या. तक्रारीत जनावरं कोणती यापेक्षा ती कशी भरलीत हे लिहा: किती आहेत, बसता-उभं राहता येतंय का, पाय बांधलेत का, जखमी आहेत का, पाणी आहे का. कलम अकरा याच गोष्टी विचारतं. प्रत्येक जिल्ह्यात प्राण्यांचा छळ रोखणारी सोसायटी असावी असा २००१चा नियम आहे. पोलिसांनी टोलवलं तर लेखी तक्रार तिथे आणि पशुसंवर्धन खात्याच्या तालुका कार्यालयात द्या, पोच घ्या. आणि टेम्पोत बैलांऐवजी कोंबड्या असल्या, तरी फोन हाच.